समान गुणोत्तरे : कोष्टक व संख्यारेषा



गुणोत्तराचा पाठ सूत्रापासून नव्हे, जलसंजीवनीपासून सुरू करावा. १ लिटर स्वच्छ पाण्यास सपाट ६ चमचे साखर व अर्धा चमचा मीठ, हे तिचे घरगुती माप. "२ लिटरांस किती?" असे विचारताच एखादा मुलगा प्रत्येकात एक मिळवून "साखर ७, मीठ दीड" असे सांगतो. ही चूक केवळ पाटीवरची नव्हे. जादा मीठ अतिसाराने क्षीण झालेल्या बालकास अपायकारक ठरते.

अशा मुलास रागावू नये. फळ्यावर कोष्टक मांडावे : पाणी १, २, ३ लिटर, साखर ६, १२, १८ चमचे, मीठ अर्धा, १, दीड चमचा. प्रत्येक लिटराबरोबर त्याची साखर व त्याचे मीठ येते, हे त्याच्याकडूनच वदवावे.

मग दोन समांतर संख्यारेषा काढाव्या. वर पाणी, खाली मीठ, दोन्ही शून्ये एकाखाली एक. दीड चमचा २ लिटरांखाली नसून ३ लिटरांखाली आहे, हे त्यास आपोआप दिसेल.

शेवटी अर्ध्या लिटराचे माप विचारावे. पाव चमचा मीठ हे उत्तर कोष्टकात नाही. ते रेषेवर शोधावे लागते. ज्यास ते सापडले, त्यास गुणोत्तर उमगले असे समजावे.