अंगणवाडीच्या दारात पोरांचं शेत

 

आज लहान पोरांच्या खेळाबद्दल बोलायचंय. खटाव तालुक्यातल्या आमच्या एका गटाच्या बैठकीत विषय निघाला, अंगणवाडीला खेळणी द्यायची. एकीनं मोबाईलवर शेताचा तयार संच दाखवला. लाल छपराचं घर, पांढरं कुंपण, ठिपक्यांची गाय आणि गुलाबी डुक्कर. एक आजी म्हणाल्या, "अगं, आपल्या गोठ्यात डुक्कर कधी बांधलंय का कुणी?" सगळ्या हसल्या. पण आजींचं खरं होतं. त्या शेतात ज्वारी नव्हती, ऊस नव्हता, शेळी नव्हती, विहीरसुद्धा नव्हती. मग ठरलं, पैसे राहू देत, शेत आपणच मांडू.

अंगणवाडीच्या दारात सावलीला आठ बाय दहा फुटांची जागा पुरते. एका बाजूला विटांची कड करून आत माती टाका. काच, खिळे, टोकदार खडे आधी निवडून काढा. हे झालं रान. फाटकी निळी साडी अंथरली की पाट झाला. एका छोट्या वाफ्यात मात्र खरी मेथी पेरा, रात्रभर भिजवून. तीन-चार दिवसांत उगवते. चार वर्षांच्या पोराचा धीर तेवढाच असतो. बाकीचं शेत लटकं चालतं, पण एक वाफा खरा पाहिजे.

दुसऱ्या बाजूला गोठा. चार काठ्या, वर गोणपाट, दावणीला जुनी दोरी. इथं गावातल्या म्हाताऱ्या माणसांना बोलवा. ज्वारीच्या धाटांची बैलगाडी करायची कला त्यांच्याच हातात राहिलीय. बाभळीचा काटा खिळ्यासारखा ठोकून जुळणी करतात, तेवढी काट्याची टोकं मोडून घ्या. आमच्याकडे एक आजोबा एक गाडी करून देतो म्हणून आले आणि दुपारपर्यंत बसून पाच करून गेले.

तिसरा कोपरा बाजाराचा आणि डेअरीचा. तराजू करवंट्यांचा, माल म्हणजे मक्याची कणसं, कांदे, लिंबं. दुधासाठी झाकणाचे रिकामे डबे. खेळ सगळ्यात जास्त इथंच रंगतो. एक पोर डबा घेऊन येतं आणि विचारतं, "फॅट किती लागली?" समोरचं पोर तोंड वाकडं करून म्हणतं, "आज कमी लागली. पाणी घातलंय व्हय?" घरी जे कानावर पडतं तेच पोरं बोलतात. मोजणं, तोलणं, भाव करणं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं, सगळं त्यातच होतं.

हे काही आपण नवीन शोधलेलं नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, आणि अनुताई वाघ त्यांच्यासोबत राहिल्या. पुढे १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या डोंगरावर आदिवासी पाड्यांत गेलं. महागडी साधनं खेड्यात परवडायची नाहीत म्हणून त्यांनी बिया, शंख-शिंपले, पानं, माती हीच साधनं केली. मुलं बालवाडीत येईनात तर बालवाडी त्यांच्या अंगणात नेली. गुरांमागं जाणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली. आपली अंगणवाडी त्याच वाटेनं आली आहे, मग तिच्या दारात प्लास्टिकचं परदेशी शेत कशाला?

आता एक गोष्ट, जिच्यासाठी मी आज मुद्दाम बोलायला आले. खेळ सुरू झाला की पोरगे औत धरतात आणि पोरींना म्हणतात, "तू भाकरी घेऊन ये." पोरीही मुकाट्यानं टोपलं डोक्यावर घेतात. मी एका पोराला विचारलं, शेतकरी कोण? म्हणाला, "पप्पा." आणि आई? "आई रानात जाती." मैत्रिणींनो, टोकणणी आपण करतो, भांगलण आपण करतो, धारा आपण काढतो, हळद काढायला-शिजवायला आपण असतो. पोराच्या लेखी मात्र आपण नुसत्या रानात जातो. सातबाऱ्यावर नाव नाही ते नाही, पोराच्या खेळातही नाही. म्हणून सेविकाताईंना एवढं सांगा, रोज औताची पाळी बदला. पोरीच्या हातात कासरा द्या, पोराला चूल मांडू द्या. रागवायचं नाही, उपदेश करायचा नाही, फक्त पाळी बदलायची. आमच्याकडे आता एक पोरगी बाजारात बसून ओरडते, "मी मालकीण हाय, भाव मी सांगणार."

काही आया नाराज होतात. "आम्ही उन्हात करपतो ते पोरानं शेतात जाऊ नये म्हणून, आणि तुम्ही इथंही शेतच मांडता?" हा राग मला समजतो. दुष्काळी माण-जतमध्ये तर जास्तच. पण डॉक्टर-डॉक्टर खेळलं म्हणून कुणी डॉक्टर होत नाही आणि शेत खेळलं म्हणून कुणी शेतात अडकत नाही. पोरगं बोलकं होतं, हिशेबी होतं, एवढं नक्की. उलट घरी जे करतो त्याची लाज वाटणारं पोर शाळेतही दबूनच बसतं, असं माझं मत आहे.

ऊसतोडीच्या हंगामात बीडकडची कुटुंबं येतात, त्यांच्या पोरांनाही या शेतात घ्या. मोळ्या बांधायच्या कशा, गाडी भरायची कशी, हे आपल्या पोरांना तीच शिकवतील.

जपायचं काय, तेही नीट ऐका. औषधाची बाटली, डबा, खताचं पोतं, रिकामं असो की धुतलेलं, खेळात आणायचं नाही. गुंजा आणि एरंडाच्या बिया विषारी असतात, दिसायला छान म्हणून ठेवू नका. तीन वर्षांच्या आतलं पोर असेल तर शेंगदाणे, वाटाणे, चिंचोके उचलून ठेवा, नाकात-घशात जातात. पाण्याची बादली खेळ संपला की लगेच ओतून द्या, भरलेली ठेवू नका. खुरपं, विळा खरा नको, लाकडाचं उलथनं पुरे. आणि खेळून आल्यावर साबणानं हात.

बेंदूर जवळ आलाय. जत-मिरजेकडे कर्नाटकी बेंदूर ज्येष्ठात, आपल्या इकडचा आषाढात. कुंभारदादांना आत्ताच सांगून ठेवा, देवाच्या बैलांबरोबर अंगणवाडीसाठी दोन जोड्या जास्तीच्या करा, आणि जमलं तर एक शेळी. आमच्या कुंभारदादांनी शेळीला आधी नकार दिला होता, पण पोरांनी दोनदा जाऊन गळ घातल्यावर केलीच.