गवळणीची वाक्यं कुठे गेली?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



करमणूक आणि स्त्रीची प्रतिमा हा विषय निघाला की आपण सिनेमा आणि मालिकांवर बोलतो. तमाशाचं नाव काढलं तर दोनच प्रतिक्रिया येतात : 'शी, किती अश्लील' नाहीतर 'वा, आपली लोककला'. दोन्ही बहुधा तमाशा न पाहताच दिलेल्या. आम्ही काम करतो त्या भागातल्या जत्रांना एक ढोलकीफड येतो. २०२० आणि २०२१ ही कोरोनाची वर्षं सोडली, तर गेली बारा वर्षं मी त्याचे खेळ पाहते आहे. मला बोलायचं आहे ते तिथल्या हसण्याबद्दल.

गण झाला की गवळण सुरू होते. गवळणी दूध-लोणी घेऊन मथुरेच्या बाजाराला निघतात, कृष्ण आणि पेंद्या वाट अडवून दाण मागतात. गवळणींबरोबर मावशी असते, म्हणजे लुगडं नेसलेला पुरुष. सगळ्यात मोठा हशा तिच्यावर. तिचं वय, तिचं शरीर, तिचं एकटं असणं, सगळंच चेष्टेचं. मग पेंद्याच्या लंगडण्यावर हशा. यात काय खटकतं ते तुम्हाला सांगायला नको.

पण एवढंच पाहून उठलं तर अर्धंच पाहिलं. कारण वाट अडवणाऱ्याला गवळण उत्तर देते. यातलं बरंचसं लिहिलेलं नसतं, सवाल येईल तसा जबाब. कुणाच्या हुकमानं कर घेतोस, पावती दाखव, असं म्हणत ती सरपंचापासून तलाठ्यापर्यंत सगळ्यांची हजेरी घेते. अडवणारा निरुत्तर होतो आणि कनातीतले शेकडो पुरुष त्याला हसतात. छेडछाडीवर आपण इतकी पथनाट्यं केली, असा हशा किती वेळा मिळाला? 'मुलगी झाली हो'नं १९८३ पासून गावोगाव हसवत विचार मांडला, पण अशी नाटकं आपल्याकडे थोडीच.

आणि नेमकी हीच जागा वर्षागणिक आक्रसत गेली. मी पाहायला लागले तेव्हा आमच्याकडच्या फडात गवळण पाऊण तास चाले. आता पंधरा मिनिटांत उरकते आणि सिनेमाची गाणी सुरू होतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांमुळे रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो. जिथे पोलीस कडक, तिथे पहाटेपर्यंत चालणारा वगच कापला जातो. प्रेक्षकही गाण्यांची फर्माईश करतात. हे सगळं खरं. पण कात्री लागली ती कुणाच्या वाक्यांना? बतावणीतले दोन पुरुष अजून मनसोक्त बोलतात. पेंद्या बोलतो, मावशी बोलते. गवळणी रांगेत उभ्या राहून हसतात आणि ढोलकी वाजली की नाचतात.

याचा संबंध थेट पोटाशी आहे. जिच्या जिभेला धार होती ती बाई चाळिशीनंतरही फडात मानानं राहायची. नुसतं नाचायचंच असेल तर तिशीतच तिला बाजूला केलं जातं. हंगामाआधी घेतलेली उचल मात्र अंगावर राहतेच. या बहुतेक बायका दलित आणि भटक्या-विमुक्त जातींतल्या, त्यामुळे दुसरं काम सहज मिळत नाही. राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेल्या विठाबाई नारायणगावकरांचीही अखेरची वर्षं हलाखीत गेली. २००२ साली त्या गेल्या. दुसरीकडे कांताबाई सातारकरांनी वगात पुरुषांच्या भूमिका गाजवल्या, स्वतःचा फड चालवला. म्हणजे बाईनं बोललेलं लोकांना चालत नाही, ही सबब खरी नाही.

आमच्या ओळखीची एक गवळण आता त्याच फडात स्वयंपाक करते. तिनं आमच्याकडे मदत मागितली ती पैशांची नव्हे. जत्रा कमिटी सुपारी ठरवते तेव्हा पूर्ण गवळण हवी असं सांगा, एवढंच ती म्हणाली. कमिटीत एकही बाई नाही. गेल्या वर्षी दोन गावांतल्या बचत गटांनी तसा अर्ज दिला. एका गावानं बायकांनी तमाशात लक्ष घालू नये म्हणून तो परत केला. दुसऱ्या गावात गवळण चाळीस मिनिटं झाली, आणि एरवी ट्रॉलीत उभ्या राहून लांबून पाहणाऱ्या बायका कनातीच्या आत, पुढे येऊन बसल्या. यंदाच्या सुपाऱ्या पाडव्याच्या सुमारास ठरतील. अर्जाचा नमुना मी बरोबर आणला आहे.