दगडातील पांढऱ्या शिरा

बांधावरचा एखादा काळसर दगड उचलून पाहावा, तर त्याच्या अंगावर पांढरी रेघ गेलेली दिसते. भंडारा-गडचिरोलीकडे किंवा सिंधुदुर्गात, जिथे फार जुने खडक उघडे पडले आहेत, तिथे गारगोटीच्या अशा रेघा पुष्कळ आढळतात. आपण तिला दगडाची शीर म्हणतो. नाव अगदी बरोबर आहे, कारण या शिरेतून एके काळी खरोखरच पाणी वाहत होते.

जमिनीखाली पाच-दहा किलोमीटर खोलीवर खडक तापलेला असतो आणि वरच्या ओझ्याने दबलेला असतो. तिथेही कणाकणांच्या फटींत थोडे पाणी असते. हे ऊन पाणी दगडातली गार विरघळवून घेते. साखरेचा पाक आठवा. गरम असेतो साखर त्यात मावते. निवला की कडेला खडे धरतात. तसेच या पाण्याचे आहे. उष्णता किंवा दाब उतरला की गार खाली बसते.

पण भेग पडते कशी? भाताच्या पातेल्यावरचे झाकण पाहा. आत वाफ कोंडते, झाकण उचलले जाते, वाफ निसटते आणि झाकण पुन्हा बसते. जमिनीच्या हालचालींनी खडक पिळवटतो, ताणला जातो. आत कोंडलेल्या पाण्याचा दाब वाढला की त्याला चीर जाते. पाणी तिच्यात धावते, दाब उतरतो, गार बसते आणि चीर बुजते. मग पुन्हा दाब साठू लागतो.

म्हणजे शीर एका दिवसात झालेली नसते. जॉन रॅमसे या भूशास्त्रज्ञाने १९८० मध्ये दाखवून दिले की, कित्येक शिरा अशा उघडझापीतूनच वाढलेल्या आहेत. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांत बारीक पट्टे दिसतात. दर खेपेस शेजारच्या खडकाचे कण सुटून आत अडकतात आणि त्यांची ओळ उरते. झाडाच्या खोडातली वलये मोजावीत, तशा या ओळी मोजता येतात. एकेका खेपेस चीर केसाहूनही कमी रुंद उघडलेली असते!

काही शिरांत गारेचे तंतू असतात. ते बहुधा चीर ज्या दिशेने उघडली त्या दिशेने वाढतात. तंतू वाकडा असेल, तर मधल्या काळात ओढ बदलली, असे समजावे.

आणखी नवल ऐका. स्फटिक वाढताना त्या पाण्याचे सूक्ष्म थेंब आत कोंडले जातात. थेंबात बहुधा एक बुडबुडा असतो. स्फटिक तापवीत नेला की एका क्षणी बुडबुडा नाहीसा होतो. पाणी निदान तितके तरी ऊन होते, हे त्यावरून कळते. इंग्लंडच्या हेन्री क्लिफ्टन सॉर्बी यांनी ही वाट १८५८ मध्येच दाखविली.

कर्नाटकातील कोलारचे सोने अशाच गारेच्या शिरांत सापडले. गंधकयुक्त ऊन पाण्याने ते विरघळवून आणले आणि शिरेत सोडले. त्या शिरांचा माग काढीत माणसे तीन किलोमीटरहून खोल उतरली. २००१ मध्ये ती खाण बंद झाली.

म्हणून काय प्रत्येक पांढऱ्या शिरेत सोने असते? मुळीच नाही. बहुतेक शिरा नुसत्या गारेच्याच असतात. पिवळे चकाकणारे खडेही पुष्कळदा लोखंड आणि गंधक यांचेच असतात. 'तुमच्या शेतात सोन्याची शीर आहे' असे सांगून कोणी पैसे मागू लागला, तर आधी भूशास्त्राच्या जाणकाराला दगड दाखवा.

शिक्षक मित्रहो, मुलांकडून असे दगड गोळा करवा. शिरेच्या कडेने काच ओरखडली गेली, तर ती गार असावी. काचेवर ओरखडा उठला नाही, तर शिरेची थोडी भुकटी करून तिच्यावर लिंबू पिळा. बुडबुडे आले, तर तो चुन्याचा स्फटिक. दोन शिरा एकमेकींना छेदत असतील, तर कापली गेलेली आधीची आणि कापणारी नंतरची. मुलांनी आधी नंबर लावावा, मग कारण सांगावे. पुस्तकाला हात न लावता भूगर्भशास्त्राचा पहिला धडा इथेच होईल.