परवानगी मागण्यापूर्वीं
(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या पालक व तरुणमंडळ यांच्या सभेंतील भाषण)



ज्युबिलीच्या निमित्तानें आपल्या तरुणमंडळानें एक मोठा मनोदय बोलून दाखविला आहे. इ. स. २०२७ च्या ऑगस्ट महिन्यांत, ३ ते ८ या तारखांस, कोरियांतील सेऊल नगरीं जागतिक युवादिनाचा मेळा भरावयाचा आहे. त्यास आपल्या धर्मग्रामांतून एक तुकडी जावी, असा तो मनोदय होय. पोप दुसरे जॉन पॉल यांनीं १९८४ सालीं तरुणांच्या हातीं एक साधा लांकडी क्रूस सोंपविला, व तेव्हांपासून तो क्रूस देशोदेशीं फिरत आहे. सेऊलपूर्वीं आशियाखंडांत हा मेळा एकदांच, १९९५ सालीं मनिला येथें, भरला होता. तेव्हां तुम्हांस जाण्याची हौस वाटावी यांत नवल नाहीं. परंतु मला आज हौसेविषयीं नव्हे, तर परवानगीविषयीं बोलावयाचें आहे. त्या बाबतींत मी एकदां चुकलों आहें, आणि ती चूक तुम्हांस सांगणें मी माझें कर्तव्य समजतों.

२०२३ सालीं हाच मेळा लिस्बन येथें भरला. त्या वेळीं दुसऱ्या एका गांवच्या तुकडीचा मी चिटणीस होतों. आम्हीं प्रथम विमानाचे दर पाहिले, मग एकसारख्या सदऱ्यांचा रंग ठरविला, मग वर्गणीचीं पावतीपुस्तकें छापिलीं. आईबापांस सर्वांत शेवटीं विचारलें. आणि विचारलें तरी कसलें, नुसतें कळविलें! एका सतरा वर्षांच्या मुलीचे वडील मजकडे आले. आवाज न चढवितां त्यांनीं तीन प्रश्न केले. "माझी मुलगी रात्रीं कोठें निजेल? आजारी पडली तर तिच्या उशाशीं कोण बसेल? आणि गर्दींत चुकली तर मला कोण कळवील?" मजपाशीं एकाचेंही उत्तर नव्हतें. मीं म्हटलें, "देवावर भरंवसा ठेवा." ते म्हणाले, "देवावर आहेच. तुमच्यावर कसा ठेवूं, तेवढें सांगा." मुलगी गेली नाहीं. त्या गृहस्थांस मी पुष्कळ दिवस हट्टी समजत होतों. आज मला कळतें कीं, त्यांचेंच खरें होतें.

त्याच तुकडींतील एका मुलाचे वडील आखातांत नोकरीस होते. अज्ञान मुलाच्या व्हिसाच्या अर्जास आई व बाप दोघांचीही संमति लागते, हें मला अर्ज भरावयास बसल्यावर कळलें. पोर्तुगाल ज्या शेंगेन देशांत मोडतो, त्यांच्या व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीं देतां येतो. आम्हीं तो अखेरच्या महिन्यावर ढकलला होता. तिकडून सहीचा कागद येईपर्यंत मुदत सरली. दोष कचेरीचा नव्हता, त्या बापाचा तर मुळींच नव्हता, माझा होता.

बुरूज बांधूं इच्छिणारा मनुष्य आधीं बसून खर्चाचा हिशेब करतो, हा प्रभूचा दृष्टांत आपण लूकच्या शुभवर्तमानांत ऐकतों. हिशेब करणें म्हणजे श्रद्धा उणी असणें नव्हे. म्हणून माझी विनंति अशी कीं, परवानगी चार उंबरठ्यांवर मागावी, आणि त्यांचा क्रम मोडूं नये.

पहिला उंबरठा घराचा. त्या तीन प्रश्नांचीं उत्तरें लेखी तयार करून मगच आईबापांसमोर जावें. मुलींबरोबर जबाबदार स्त्री असावी. तुकडीबरोबर निदान दोन वडील माणसें असावींत. कारण एकास दवाखान्यांत बसावें लागलें, तर उरलेल्या मुलांपाशीं दुसरें माणूस हवें. प्रवासाचा विमा हा खर्चाच्या यादींत शेवटीं नव्हे, आरंभीं लिहावा.

दुसरा उंबरठा धर्मग्रामाचा. येथें खरा प्रश्न पैशाचा आहे. ज्याच्या बापाची ऐपत तोच जाणार असेल, तर ती सहल होईल, यात्रा होणार नाहीं. ज्या मुलानें चार वर्षें वेदीसेवा केली, आजाऱ्यांच्या घरीं जाऊन रोझरी म्हटली, तो केवळ पैशावांचून मागें राहिला, तर आपण कोणत्या तोंडानें ज्युबिली साजरी करावी? म्हणून कोणी जावें हें आधीं ठरवावें, आणि पैसा कसा उभारावा हें मागून. निधि एकच असावा, आणि त्याचा जमाखर्च दरमहा देवळाच्या दाराशीं सर्वांस वाचतां येईल असा लावावा.

तिसरा उंबरठा बिशपसाहेबांचा. आपले धर्मगुरु व धर्मग्राम परिषद यांच्या पत्रासह धर्मप्रांताच्या तुकडींत सामील व्हावें. एकटी वाट काढूं नये. परक्या देशांत आपल्याविषयीं जबाब देणारें कोणी पाठीशीं असणें, हा मोठा आधार आहे.

चौथा उंबरठा सरकारचा. भारतीय पासपोर्टवाल्यास कोरियांत जाण्यापूर्वीं व्हिसा घ्यावा लागतो. तेथील अधिकाऱ्यास जाणावयाचें असतें तें इतकेंच: तुम्ही कोण, खर्च कोणाचा, आणि परत येणार कीं नाहीं. पहिल्या प्रश्नावरच आपलीं मुलें अडखळतात. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर एक नांव, शाळेच्या दाखल्यावर दुसरें, आधारपत्रावर आडनांवाचें स्पेलिंग तिसरेंच! हें आजच घरीं तपासून पाहा. लहानपणीं काढलेला पासपोर्ट पांच वर्षांनीं संपतो, हेंही ध्यानांत असूं द्या. शिवाय ऑगस्ट हा आपल्याकडे शाळा-कॉलेजांचा भर महिना. तेव्हां मुख्याध्यापकांची व प्रिन्सिपॉलांची रजाही वेळेवर मागितली पाहिजे.

आतां दोन शब्द आईबापांस. १८३६ सालीं कोरियांतील किम नांवाच्या ख्रिस्ती घरानें आपला पंधरा वर्षांचा मुलगा धर्मगुरु होण्यासाठीं मकावला धाडिला. त्या काळीं ख्रिस्ती होणें हाच तेथें अपराध होता. १८३९ सालीं बाप हुतात्मा झाला; पितापुत्रांची पुन्हां भेट झाली नाहीं. तो मुलगा कोरियाचा पहिला देशी धर्मगुरु होऊन परतला व १८४६ सालीं स्वतःही हुतात्मा झाला. तेच संत अँड्र्यू किम. तुमच्याकडे कोणी एवढा त्याग मागत नाहीं. कांहीं दिवसांपुरता विरह तेवढा मागितला जात आहे. प्रश्न अवश्य विचारा. परंतु उत्तर समाधानकारक मिळालें, तर केवळ भीतीपायीं नकार देऊं नका.

आणि तरुणांनो, नकार मिळाला तर रुसूं नका. आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया कोंवळ्या वयांतच जपानला गेले. येशूसंघांत प्रवेश मिळावा अशी त्यांची मनीषा होती. ती सफळ झाली नाहीं. त्यांनीं व्यापार केला, वाट पाहिली, आणि पुढें मनिला येथें फ्रान्सिस्कन संघानें त्यांस आपलेंसें केलें. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें क्रूसावर त्यांनीं प्राण ठेविला. एक दार बंद झालें म्हणून त्यांची यात्रा थांबली नाहीं.

माझें बोलणें संपलें. तिकिटाची चौकशी उद्यां केली तरी चालेल. आज रात्रीं रोझरी झाल्यावर घरीं हा विषय काढा, आणि आईबापांस आधीं त्यांचे प्रश्न विचारूं द्या. ते प्रश्न कागदावर लिहून पुढल्या रविवारीं मिस्सा आटोपल्यावर मजकडे आणून द्या. आपली यात्रा त्या कागदापासून सुरू होईल. प्रभु आपणां सर्वांस सुबुद्धि देवो.