संग्रहालय-निधी : एक सामाजिक ऋण

(भिंगार येथे मंडळाच्या वार्षिक संमेलनात संग्रहालय-निधी समितीच्या प्रमुखांनी केलेले भाषण)



गतवर्षी याच संमेलनात आपण एक ठराव एकमताने संमत केला. आपल्या विणकर समाजाचे जुने कागद, वह्या, छायाचित्रे आणि मागाची हत्यारे सुरक्षित राहावीत म्हणून एक छोटे संग्रहालय व दप्तरखाना उभारावा, असा तो ठराव होता. टाळ्यांच्या गजरात ठराव संमत होणे सोपे. त्यासाठी दारोदार हिंडून द्रव्य जमविणे अवघड. ते अवघड काम आपण माझ्याकडे सोपविले. या वर्षभरात काय घडले आणि पुढे काय व्हावयास पाहिजे, हे आपल्यापुढे ठेवण्यासाठी मी उभा आहे. निधीचा पै-पैचा हिशेब कार्यवाहांनी स्वतंत्रपणे सादर केलाच आहे. त्याची पुनरुक्ती मी करीत नाही.

प्रथम स्वतःचाच एक अपराध कबूल करतो. आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर आजोबांची एक सागवानी पेटी होती. तिच्यात मोडी लिपीतील वह्या, सूत-खरेदीच्या याद्या, व्याह्यांची पत्रे आणि ज्ञातिपंचायतीचे काही निवाडे होते, असे वडील सांगत. घर नव्याने बांधावयास काढले तेव्हा मी तरुण होतो. पेटी चांगली म्हणून ठेवून घेतली आणि आतले कागद रद्दीवाल्याला वजनावर देऊन टाकले. मोडी मला वाचता येत नव्हते. आणि जे आपल्याला वाचता येत नाही ते निरुपयोगी, असा समज त्या वयात सहज होतो. पुढे घरातील एका मुलाच्या जातपडताळणीसाठी पणजोबांच्या काळचा पुरावा हवा झाला. शाळेचे दाखले, जन्म-मृत्यूच्या नोंदी, महसुलाचे उतारे यांच्यामागे आम्ही कित्येक महिने धावत होतो. तेव्हा प्रत्येक कचेरीच्या पायरीवर मला ती रिकामी पेटी आठवे. आज तिच्यात आमची अंथरुणे आहेत.

हा अपराध माझ्या एकट्याचा असता तर मी तो येथे सांगितला नसता. या मंडपात बसलेल्या किती घरांतून अशी पेटी गेली, याचा प्रत्येकाने मनाशी विचार करावा.

आपण ज्या भूमीवर जमलो आहोत ती काही सामान्य नव्हे. 1490 साली मलिक अहमदने बहमनी फौजेचा पराभव केला तो भिंगारच्याच परिसरात, आणि त्या विजयातून नगर शहराचा पाया घातला गेला. 1707 साली औरंगजेब बादशहाने अखेरचा श्वास घेतला तोही येथून जवळच, आलमगीर येथे. समोरच्या भुईकोट किल्ल्यात 1942 ते 1945 या काळात पंडित नेहरू, मौलाना आझाद, सरदार पटेल आदी नेते बंदिवान होते आणि नेहरूंनी ‘भारताचा शोध’ हा ग्रंथ तेथेच लिहिला. फराहबागेच्या बाजूस 1994 पासून सैन्याचे रणगाडा संग्रहालय आहे. नगर शहरात 1960 साली स्थापन झालेले ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय आहे. 2024 साली जिल्ह्याला अहिल्यादेवींचे नाव मिळाले. सुलतानांचा, बादशहांचा, सेनापतींचा आणि राष्ट्रनेत्यांचा इतिहास असा ठिकठिकाणी नोंदला गेला आहे. परंतु याच भिंगारात आणि नगरात पिढ्यानपिढ्या लुगडी विणणारे हात कोणाचे होते? त्यांनी सूत कोठून आणले, कर्ज कोणाकडून काढले, दुष्काळात माग बंद पडले तेव्हा काय खाल्ले? हे सांगणारे कागद राजवाड्यात सापडावयाचे नाहीत. ते आपल्याच माळ्यावर होते. काही अजूनही आहेत.

“आपण लहान माणसे; संग्रहालय हे संस्थानिकांचे काम,” असे मला अनेकांनी ऐकविले. त्यांना मी मुंबईचे उदाहरण देतो. भायखळ्याच्या राणीच्या बागेतील वस्तुसंग्रहालय आज डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाते. 1857 च्या धामधुमीत मुंबईच्या कोटातील जुना सरकारी संग्रह हलविताना त्याची दाणादाण झाली. तेव्हा डॉ. भाऊ दाजी, नाना शंकरशेट आणि डॉ. जॉर्ज बर्डवुड यांनी पुढाकार घेतला आणि लोकांपुढे हात पसरला. 1862 साली कोनशिला बसली. पुढे कापसाच्या सट्ट्याचा फुगा 1865 साली फुटला, भल्याभल्यांची दिवाळी निघाली आणि वर्गणीचा ओघ आटला. अखेर सरकारी साहाय्याने काम तडीस गेले व 1872 साली संग्रहालय लोकांस खुले झाले. भाऊ दाजी हे काही गर्भश्रीमंत नव्हते. सामान्य स्थितीतून वर आलेले, गोरगरिबांना औषध देणारे वैद्य होते.

दुसरे उदाहरण मुंबईच्याच, आज छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव धारण करणाऱ्या वस्तुसंग्रहालयाचे. त्याची कोनशिला 1905 साली बसली. सरकारने तीन लक्ष रुपये दिले, नगरपालिकेने अडीच लक्ष दिले, सर करीमभाई इब्राहिम या एकाच गृहस्थाने तीन लक्ष दिले आणि सर कावसजी जहांगीर यांनी पन्नास हजार दिले. म्हणजे एका नागरिकाची देणगी सरकारच्या बरोबरीची होती! इमारत उभी राहिली, परंतु महायुद्धाच्या काळात तिचा उपयोग लष्करी रुग्णालयासाठी झाला; प्रत्यक्ष संग्रहालय खुले व्हावयास 1922 साल उजाडले. कोनशिलेपासून सतरा वर्षे! आपल्या कार्याला एक वर्ष झाले नाही तोच “अजून भिंत दिसत नाही” असे म्हणणाऱ्या आमच्या उत्साही तरुणांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

आणि ज्यांच्यापाशी लक्षावधी नव्हते त्यांचे काय? इतिहासाचार्य राजवाडे यांच्यापाशी काय होते? अंगावरचे साधे कपडे आणि कागदांचा ध्यास. गावोगाव पायपीट करून, लोकांच्या माळ्यांवरून, कोनाड्यांतून त्यांनी दप्तरे मिळविली आणि मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड प्रसिद्ध केले. 1910 साली सरदार मेहेंदळे यांच्यासह त्यांनी पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले; 1926 च्या अखेरीस ते निवर्तल्यावर लगेच धुळ्यास त्यांच्या नावे संशोधन मंडळ उभे राहिले. पुण्याचे दिनकर केळकर हे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे गृहस्थ. त्यांचा राजा नावाचा मुलगा लहानपणीच गेला. अडकित्ते, दिवे, दौती, कोरीव दरवाजे अशा घरगुती वस्तूंचा आयुष्यभर जमविलेला संग्रह त्यांनी त्या मुलाच्या नावे उभा केला आणि अखेर महाराष्ट्र शासनाच्या, म्हणजे तुमच्या-आमच्या, स्वाधीन केला. मूल गेल्याचे दुःख काही भरून निघत नाही; परंतु त्या दुःखातून समाजाला काय देता येते, हे तेथे जाऊन पाहावे.

आता या वर्षीचा माझा अनुभव सांगतो. वर्गणी मागावयास जाणाऱ्याने आधी आपला आकडा लिहावा, हा पहिला धडा मी शिकलो. कोऱ्या पावतीपुस्तकापुढे माणूस संकोचतो. समितीच्या सभासदांची नावे वर दिसली म्हणजे त्याचा विश्वास बसतो. दुसरा धडा असा की, पत्राने वर्गणी येत नाही. माणसाने माणसाच्या घरी जावे लागते. तिसरा धडा मला एका वृद्ध भगिनीने शिकविला. त्यांच्या घराची स्थिती पाहून मी पावतीपुस्तक पिशवीतून बाहेरच काढले नाही. त्यांच्या ते ध्यानात आले. त्या म्हणाल्या, “दादा, मला गरीब समजून वगळू नका.” त्यांनी 51 रुपये दिले आणि आत जाऊन यजमानांचा धोटा आणला. चाळीस वर्षे हाताळून त्याचे लाकूड काचेसारखे गुळगुळीत झाले होते. त्याची पावती लिहिताना किमतीच्या रकान्यात काय भरावे, हे मला सुचेना. तो रकाना मी कोराच ठेवला आहे.

काही बंधूंचा एक आक्षेप गंभीर आहे आणि त्याला टाळून जाणे मला प्रशस्त वाटत नाही. ते म्हणतात, “समाजातील मुलांना वसतिगृह हवे, शिष्यवृत्त्या हव्यात, जिवंत माणसे सोडून जुन्या कागदांवर पैसा का?” आक्षेप रास्त आहे. म्हणूनच समितीने ठरविले आहे की, शिष्यवृत्ती-निधीतील एक रुपयाही इकडे वळविला जाणार नाही आणि जो शिष्यवृत्तीस देतो त्याच्याकडे त्या वर्षी संग्रहालयासाठी आग्रह धरला जाणार नाही. परंतु शिष्यवृत्ती पुढल्या वर्षीही देता येते. वाळवीने खाल्लेला कागद पुढल्या वर्षी मिळत नाही. दरवर्षी पावसाळा येतो, दरवर्षी एखादे जुने घर पडते, आणि मोडी वाचणारे एखादे वडीलधारे माणूस आपल्यातून जाते. हे काम घाईचे आहे ते एवढ्याचसाठी.

जमलेल्या द्रव्याचा विनियोग कसा व्हावा, हेही स्पष्ट सांगतो. सगळा पैसा विटा-चुन्यात घालावयाचा नाही. इमारतीचे उद्घाटन थाटात होते आणि पाच वर्षांनी दाराला कुलूप लागते, हे दृश्य आपण पुष्कळ ठिकाणी पाहिले आहे. म्हणून मोठा वाटा कायम निधीत राहील. त्याच्या व्याजातून कागदांची निगा राखणाऱ्या माणसाचे वेतन, आम्लरहित कागदाची वेष्टने, वाळवीचा बंदोबस्त आणि कागदांची छायांकित प्रत करण्याचा खर्च भागेल. खोली कोरडी व हवेशीर हवी. भपका नसला तरी चालेल. ज्यांना मूळ कागद देववत नाहीत त्यांनी तो केवळ प्रत करण्यापुरता द्यावा. प्रत झाल्यावर मूळ कागद पावतीनिशी परत केला जाईल. फाटका कागद घरी चिकटपट्टीने जोडू नये, प्लॅस्टिकमध्ये बंद करून घेऊ नये; आहे तसा, स्वच्छ सुती फडक्यात बांधून आणावा. पुण्याच्या पेशवे दप्तरातील कागद रुमालांत बांधूनच टिकले, हे विसरू नये.

आणखी एक विनंती भगिनींना आहे. घरातील पेटी उघडण्याचा निर्णय बहुधा त्यांच्याच हाती असतो. दिवाळीच्या साफसफाईत जे जुने बाड हाती लागेल ते टाकण्यापूर्वी एकवार मंडळाकडे निरोप धाडावा. पंचवीस बाडांतून एखादेच मोलाचे निघेल. चोवीस वेळा रिकाम्या हाताने परतावयास आमचे कार्यकर्ते तयार आहेत.

बंधुभगिनींनो, ताणा कितीही लांब असला तरी बाण्याचा एकेक धागा घातल्यावाचून वस्त्र होत नाही, हे तुम्हांला मी सांगावे असे नाही. पूर्वजांनी ताणा लावून ठेवला आहे. आपण प्रत्येकाने आपला एक धागा घालावा, मग तो रुपयाचा असो, कागदाचा असो वा श्रमाचा असो. संमेलन संपल्यावर दाराशी समितीचे सभासद पावतीपुस्तक घेऊन बसलेले आहेत. त्यांच्या शेजारी एक सागवानी पेटी ठेवलेली दिसेल. ती आमच्या घरची आहे. तिच्यातील अंथरुणे मी आज सकाळी काढली. ती पुन्हा कागदांनी भरावी, एवढीच प्रार्थना करून आपली रजा घेतो.