अस्वलाची पहिली इयत्ता



ताडोब्याच्या वेशीवरच्या या गावात आपणा सगळ्यांचं मनापासून स्वागत. स्वागताध्यक्ष कशासाठी नेमतात हे मला चांगलं ठाऊक आहे. मांडव, पाणी, वरणभात, वांग्याची भाजी आणि पाहुण्यांच्या गाद्या हे त्याचं खरं काम. भाषण हा त्याचा मोबदला. मी शिक्षक नाही. माझी उभी नोकरी वनखात्यात, रेंजर म्हणून गेली. त्यामुळे विद्यार्थी ओळखीचे आहेत, शिक्षणशास्त्र तुमचं.

जंगलातल्या प्राण्यांसाठी शाळा काढली तर तिचा अभ्यासक्रम कसा असावा, हा यंदाच्या शिक्षक संमेलनाचा विषय. दोन दिवसांत गट पाडून तो तुम्हाला लिहायचा आहे. पत्रिका वाचून गावातल्या एका आजोबांनी मला विचारलं, "म्हंजे वाघालाबी बाराखडी का?" मी म्हटलं, समिती ठरवेल.

तसा हा उलटा प्रवास आहे. पंचतंत्रात अमरशक्ती राजाच्या तीन मठ्ठ पोरांना सहा महिन्यांत शहाणं करायचा विडा विष्णुशर्म्यानं उचलला, तेव्हा त्यानं वर्गात कोल्हे, कावळे, माकडं आणि मगर आणून बसवली. तेव्हापासून हे प्राणी आपल्याला शिकवताहेत, आणि मानधनाचं बिल एकदाही लावलेलं नाही. आता त्यांच्यासाठी आपण बसतोय. पटनोंदणी होईल, बिबट्याच्या जन्मदाखल्याची झेरॉक्स मागवली जाईल, घुबड दिवसभर झोपतं म्हणून ते शाळाबाह्य ठरेल आणि केंद्रप्रमुखांना त्याचा खुलासा द्यावा लागेल. हे सगळं तुम्ही माझ्यापेक्षा बरं लिहाल. मला एकच गोष्ट मांडायची आहे: पुढचा धडा कधी द्यायचा, हे कोण ठरवतं?

आफ्रिकेतल्या कलहारीच्या वाळवंटात मीरकॅट नावाचा प्राणी राहतो, आपल्या मुंगसाच्या कुळातला. त्याच्या खाण्यात विंचूही असतात. केंब्रिजचे ॲलेक्स थॉर्नटन आणि कॅथरिन मॅकऑलिफ यांनी 2006 साली त्याच्या शिकवण्यावर अभ्यास प्रसिद्ध केला. मोठे मीरकॅट अगदी लहान पिल्लांना मेलेला विंचू आणून देतात. पिल्लं जरा वाढली की जिवंत, पण नांगी मोडलेला. आणखी वाढली की नांगीसकट. विंचू सुटून पळाला तर मोठा मीरकॅट तो पकडून पुन्हा पिल्लापुढे टाकतो आणि शेजारी थांबतो. इयत्तावार पाठ्यक्रमच म्हणा ना. पण पिल्लू कितवीत आहे हे कळतं कसं? त्याच्या ओरडण्यावरून. वयाबरोबर पिल्लाचा खाणं मागण्याचा आवाज बदलतो. संशोधकांनी लहान पिल्लांजवळ मोठ्या पिल्लांचे आवाज ध्वनिक्षेपकावर वाजवले, तर मोठे मीरकॅट चिमुरड्यांसाठी जिवंत विंचू जास्त आणू लागले. म्हणजे वेळापत्रक पिल्लाच्या गळ्यात आहे, आणि शिक्षकाचं कौशल्य ते कान देऊन ऐकण्यात.

आता आपल्याकडचं अस्वल घ्या. अस्वलाची मादी पिल्लांना पाठीवर घेऊन हिंडते. एकदा पहाटे मचाणावरून मी असा एक वर्ग पाहिला. वारूळ उकरून तिनं आधी जोरात फुंकर मारून माती उडवली आणि मग ओठांची नळी करून वाळवी ओढायला लागली. अस्वलाला वरच्या जबड्यात पुढचे मधले दोन दात नसतात, त्या फटीतून वाळवी आत जाते. नाकपुड्या मिटता येतात, म्हणून धूळ जात नाही. भात्यासारखा तो आवाज लांबवर ऐकू येतो. पिल्लू पाठीवरून घसरत उतरलं, नाक खुपसलं, आधी फुंकायचं विसरलं, आणि शिंकत शिंकत परत पाठीवर चढलं. आईनं त्याला ना हटकलं, ना पुन्हा उतरवलं. ती पुढच्या वारुळाकडे निघाली. तिसऱ्या वारुळाशी पिल्लू आपण होऊन खाली आलं. मधल्या वारुळाचा तास बुडाला म्हणून कुणी शेरा मारला नाही.

काही विषय तर मुळातच वगळावे लागतील. कोकिळेचं पिल्लू कावळ्याच्या घरट्यात वाढतं, कावळ्याच्या चोचीतलं खातं, आणि मोठं झाल्यावर गातं ते आपलंच. त्याच्या गायनाच्या तासिकेला शिक्षकाची नेमणूक करू नका, पद अतिरिक्त ठरेल. सुगरण पक्ष्याचं उलट. तिथे हात बसावा लागतो. नर अर्धा खोपा विणून थांबतो, मादी येऊन तपासते. पसंत पडला नाही तर तो अर्धवट सोडून त्याला दुसरा घ्यावा लागतो. कृपागुण नाहीत.

एक विषय मात्र नव्यानं घालावाच लागेल: माणूस. नागपूरहून सिवनीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग 44 पेंचच्या जंगलातून जातो. आपल्या राज्याच्या हद्दीतल्या टप्प्यात प्राण्यांना जाण्यासाठी रस्ता जागोजागी पुलावर उचललाय. त्या पुलांखालून वाघ, चितळ, रानकुत्रे जाताना कॅमेऱ्यांत टिपले गेलेत. कुठली पाटी वाचून शिकले ते? त्यांच्या वाटेत सोय झाली, त्यांनी ती वापरली.

हे मी तुम्हाला का सांगतोय ते तुम्ही ओळखलं असेल. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीहून पुढे कोसबाडला गेल्या. तिथली आदिवासी पोरं गुरं राखायची, शाळेत यायची कुठून? मग शाळाच कुरणात गेली. तिचं नावच कुरणशाळा. आमच्या गावात मार्चअखेरीला मोह टपकायला लागला की निम्मी पोरं पहाटे टोपली घेऊन रानात असतात, आणि आपण हजेरीपटावर त्यांच्यापुढे फुल्या मारत बसतो. त्याच पोरांना रात्री गळलेलं फूल कुठलं, अस्वल येऊन गेलं की यायचंय, हे पायाखालच्या मातीवरून कळतं. वर्गात बसलेल्या साहेबाला ते कळत नाही, हे मी खात्यातला साहेब म्हणून सांगतो.

तेव्हा गटांना माझी विनंती अशी की अभ्यासक्रमाचा तक्ता आखताना 'महिना' हा रकाना शेवटी भरा. आधी 'पिल्लू काय मागतंय' हा रकाना आखा. तो कोरा राहिला तरी चालेल, खाडाखोड करून भरू नका. वाघाच्या गटाला थोडी जास्त सूट: वाघीण बच्च्यांना दोनेक वर्षं बरोबर ठेवते, मग ते आपापल्या वाटेनं जातात. शाळा सोडल्याचा दाखला कुणी द्यायचा हे त्या गटानं ठरवावं.

दोन व्यवस्थेच्या सूचना. पहिल्या पंगतीची पानं साडेबाराला मांडली जातील. मुक्कामाची सोय शाळेच्या इमारतीत आहे. रात्री मांडवातून तिकडे जाताना एकट्यानं कुणीही निघायचं नाही. गावातली सातवी-आठवीची पोरं टॉर्च घेऊन बरोबर येतील. ती थांबा म्हणाली की थांबायचं, आणि का ते नंतर विचारायचं.

संमेलनाध्यक्षांना उद्घाटनाची विनंती करतो.