डाखाऊचे लोखंडी दार
(मंडळाच्या स्नेहसभेत केलेले भाषण)



युरोपातील सरोवरांची व हिमशिखरांची वर्णने या व्यासपीठावरून आपण पुष्कळ ऐकली आहेत. आम्ही उभयतांनी म्युनिकच्या मुक्कामात अर्धा दिवस डाखाऊ येथे घालविला, त्याविषयीच बोलतो.

हिटलरच्या हाती सत्ता येऊन दोन महिनेही झाले नव्हते, तोच २२ मार्च १९३३ रोजी ही छळछावणी उघडली. आरंभी राजकीय विरोधक, मागाहून ज्यू, धर्मगुरू, परदेशी बंदी. अमेरिकन सैन्य २९ एप्रिल १९४५ रोजी पोहोचेपर्यंत येथे व उपछावण्यांत दोन लाखांहून अधिक माणसे कोंडली गेली. किमान ४१,५०० मेली.

प्रवेशद्वारी लोखंडी अक्षरांत लिहिले आहे की, कामाने मुक्ती मिळते. मूळ दार २०१४ साली चोरीस गेले, २०१६ साली थेट नॉर्वेत सापडले. आता ते संग्रहालयात आहे आणि जागेवर प्रतिकृती. सांगावयास संकोच वाटतो, पण सवयीने आम्ही तेथे छायाचित्रासाठी उभे राहिलो, पदर-टोपी सावरली. कॅमेरा धरणाऱ्या परक्या गृहस्थाने तो मुकाट्याने आम्हांस परत दिला. त्याने काही म्हटले असते तर बरे झाले असते.

आत बराकी नाहीतच. दोन पुन्हा उभारलेल्या, बाकीच्यांच्या जोत्यांच्या नुसत्या खुणा. मध्ये पॉप्लर वृक्षांची रांग. शाळकरी जर्मन मुले वह्यांत काही टिपून घेत होती.

दाहगृहात चार स्त्रियांच्या स्मरणार्थ एक फलक आहे. १३ सप्टेंबर १९४४ रोजी त्यांना येथे गोळ्या घातल्या. त्यांत नूर इनायत खान हे नाव वाचताच आमची सौभाग्यवती थबकली. तिचे माहेर बडोद्याचे. नूरचे वडील इनायत खान बडोद्यात जन्मले. सयाजीरावांच्या आश्रयाने तेथे संगीतशाळा काढणारे मौलाबक्ष हे त्यांचे मातामह. त्याच शाळेत सौभाग्यवतीची आत्या गाणे शिकली होती! नूर मात्र मॉस्कोत जन्मली, फ्रान्समध्ये वाढली आणि १९४३ साली इंग्रजांची बिनतारी संदेशवाहक म्हणून शत्रुव्याप्त फ्रान्समध्ये उतरली. पकडल्यावर दहा महिने जर्मन तुरुंगात साखळदंडांत होती. जॉर्ज क्रॉस मिळाला तो मरणोत्तर, १९४९ साली.

सौभाग्यवतीजवळ फूल नव्हते. वेणीतली अबोली तर घरीच राहिलेली. तिने पदराने फलकाखालची धूळ पुसली, इतकेच.

आपणांपैकी कोणी म्युनिकला गेल्यास अर्धा दिवस राखून ठेवावा. प्रवेशमूल्य नाही. लहान मुलांना नेऊ नये. आम्ही बरोबर नेलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या तशाच परत आणल्या.